पोट आत ओढून दिलेलं माप

नाशिकच्या एका वाचकांचं पत्र आहे. वय 37, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात नोकरी. बढती झाल्यापासून त्यांना परदेशी ग्राहकांसमोर बसावं लागतं, त्यात फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचं लग्न. म्हणजे सूट हवाच. स्वतःच्या लग्नातल्या सूटचं बटण आता लागत नाही. मध्यंतरी सेलमधून एक ब्लेझर आणला, तर बायको म्हणाली, "भाड्याने आणलात का?" शर्टांची आणखी वेगळी तऱ्हा. गळ्याला बसतो तो पोटावर ताणतो, आणि पोटाला बसतो त्याच्या कॉलरमध्ये दोन माना मावतील. वडील म्हणतात, आपल्या शिंप्याकडे टाक. मेव्हणा म्हणतो, ब्रँडेड घे, हप्त्यावर मिळतो. कपाटात सासरहून आहेरात आलेला एक सूटपीस आणि चार-पाच शर्टपीस पडून आहेत. बजेट सगळं मिळून 25 हजार. ते विचारतात, "रेडिमेड घेऊ की शिवून घेऊ? ब्रँड कोणता? की लग्नापर्यंत आठ किलो उतरवून मगच माप देऊ? खरं सांगू का, माझं शरीरच सूटसाठी नाही असं वाटायला लागलंय."

नमस्कार.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तुमचे बाकीचे प्रश्न त्यातूनच उगवलेत. रेडिमेड सूट कापताना कारखाना सहसा असं धरून चालतो की माणसाची कंबर छातीपेक्षा सहा इंचांनी कमी असणार. म्हणून 40 नंबरच्या कोटाबरोबर 34 कमरेची पँट येते. पस्तिशी ओलांडलेल्या, दुपारच्या डब्यात पोळीनंतर भातही लागणाऱ्या किती पुरुषांत हे सहा इंच शिल्लक असतात? तुम्ही क्वालिटीतले आहात, तुमच्याच भाषेत सांगतो. इथे ड्रॉइंग म्हणजे तुम्ही आणि पार्ट म्हणजे कोट. पार्ट बसला नाही म्हणून आजवर तुम्ही कधी ड्रॉइंग रिजेक्ट केलंय का?

शर्टाचं कोडंही असंच आकड्यांतलं आहे. कोटावरचा 40 म्हणजे छाती 40 इंच. पँटवरचा 36 म्हणजे कंबर 36 इंच. पण शर्टावरचा 40 म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांच्या हिशेबात गळा 40 सेंटिमीटर, साधारण पावणेसोळा इंच. एकाच दुकानात, एकाच भिंतीवर, तीन वेगळ्या जागांची मापं आणि त्यातलं एक सेंटिमीटरमध्ये. त्या गळ्याला पोट किती असावं हे कंपनीने आपल्या मनाने ठरवलेलं असतं, स्लिम फिटमध्ये कमी आणि रेग्युलरमध्ये जास्त. तुमचं पोट त्या अंदाजात बसत नाही, इतकीच ही गोष्ट.

आता ब्लेझरकडे वळू. तो मोठा का घेतलात, याचा मला अंदाज आहे. पोटावर बटण लागावं म्हणून एक नंबर वरचा घेतला असणार, आणि मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी "थोडा मोकळाच बरा" हेही असणार. जूनमध्ये शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवलेली आपण माणसं. चौथीतली पँट सहावीपर्यंत जायची, आधी दुमडून आणि मग उसवून. अंगाबरोबर बसणारा कपडा म्हणजे उधळपट्टी, हे तेव्हाच डोक्यात शिरलं ते अजून निघालेलं नाही. पण आठ किलो उतरवून माप द्यायचा तुमचा बेतही त्याच जातीचा आहे. हा उतरत्या अंगाचा कोट. दोन्हीत कपडा शिवला जातो तो समोर उभ्या नसलेल्या माणसासाठी.

यात मी शहाणा नाही. माझा एक बंदगळा आहे. त्याचं माप देताना मी पोट आत ओढून उभा होतो. टेप लावलेल्या शिंप्याने हळूच सांगितलं, "साहेब, श्वास सोडा." मी म्हणालो, "सोडलेलाच आहे." त्याने बिचाऱ्याने तोच आकडा वहीत लिहिला. मुलीच्या साखरपुड्यात जेवणाची पंगत बसेपर्यंत कोटाची बटणं लागलेली होती, पुढचं काही विचारू नका. तेव्हा माप देताना नेहमीसारखे उभे राहा, समोर बघा, टेपकडे नको. खिशातून मोबाइल आणि पाकीट काढा. आतून जाड स्वेटर नको. शक्य असेल तर दुपारच्या जेवणानंतर जा.

वजन जरूर उतरवा, त्याला माझी ना नाही. पण माप आजचं द्या. त्यामागे शिवणकामातलं साधं गणित आहे. कोट कमरेत आत घेणं सोपं असतं, कुठलाही बरा शिंपी दीड-दोन इंच आत घेईल. बाहेर सोडायचा तर आत कापड लागतं, त्याला आपल्याकडे माया म्हणतात. कोटाच्या बाजूच्या शिवणींत आणि पँटच्या मागच्या शिवणीत भरपूर माया ठेवायला आवर्जून सांगा. लग्नातला जुना सूटही फेकू नका. तो उलटा करून मांडीवर घ्या आणि पँटच्या मागच्या शिवणीत किती कापड दुमडलंय ते बघा. दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण इंच सापडलं तरी कंबर इंचभर वाढते.

रेडिमेड की शिवून, याचा निकाल खांद्यावर लागतो. कोटात खांदा सोडून बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात. बाही आखूड होते, कंबर आत जाते, पँटची उंची आणि मोहरी, म्हणजे पायाशी असलेला घेर, तर कुणीही करून देतं. पण खांदा बदलायचा म्हणजे बाही उसवून अर्धा कोट पुन्हा बांधायचा. कोटाची लांबीही फार कमी करता येत नाही, खिसे खाली खाली वाटायला लागतात. म्हणून दुकानात पोटाकडे नंतर बघा. भिंतीला कुशीवर खेटून उभे राहा. तुमच्या दंडाआधी कोटाचा खांदा भिंतीला टेकून दबला तर तो मोठा आहे, काढून ठेवा. मग पाठमोरा फोटो काढून घ्या, आरशात मान वळवून बघितलं की कोटही वळतो. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून असली पाहिजे, मध्ये फट नको. पाठीवर एकाच बाजूला तिरक्या घड्या येत असतील तर बऱ्याचदा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उतरता असतो. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर बॅग घेणाऱ्यांना हे सहज सापडेल. तसं असेल तर शिंप्याला सांगा, त्या बाजूला पॅड किंचित जाड घालून तो ते झाकतो. एक बटण लावल्यावर पोटावर इंग्रजी एक्ससारख्या सुरकुत्या आल्या तर कोट ताणतोय. दोन बटणांच्या कोटाचं खालचं बटण लावायचं नसतंच, त्यामुळे ते लागत नाही याचं दुःख करू नका. कोटाने बसायची जागा झाकली पाहिजे. हल्ली बरेच कोट इतके तोकडे येतात की मागून बघताना धाकट्या भावाचा घातल्यासारखा वाटतो, आणि पोट असलेल्या माणसाला तर तो आणखी रुंद दाखवतो.

एक गोष्ट मात्र सगळेच उलटी समजतात. हात मोकळा हलावा म्हणून आपण मुंढा, म्हणजे बाही जोडायची काखेची गोलाई, खोल ठेवायला सांगतो. खोल मुंढ्याच्या कोटात हात वर केला की हाताबरोबर अख्खा कोट वर उचलला जातो, कॉलर कानाला लागते. मुंढा काखेच्या जवळ असेल तर नुसती बाही हलते आणि कोट जागेवर राहतो. तुम्हाला याची गरज इतरांहून जास्त आहे, कारण तुम्ही नवरीचे भाऊ. लाह्या द्यायला तुम्ही, कानपिळीला तुम्ही, आणि केटररला शोधत लॉनभर फिरायलाही तुम्हीच. म्हणून ट्रायलला नुसतं आरशासमोर ताठ उभं राहू नका. वाकून नमस्कार करून बघा, कुणाला तरी मिठी मारा, खुर्चीवर बसा, नवरदेवाचा कान पिळायला जाईल तसा हात पुढे करा. दुकानातला पोरगा हसला तर हसू दे. आणि माझं ऐकाल तर सकाळच्या विधींना कुर्ताच घाला. सूट ठेवा संध्याकाळच्या रिसेप्शनला. फेब्रुवारीत गंगापूर रोडच्या लॉनवर दिवेलागणीनंतर गारवा असतो, तेव्हा कोट अंगाला बरा वाटेल. सकाळी होमाजवळ बसून तोच कोट नकोसा होतो.

तुमच्यासाठी माझा कौल असा. पँट आणि शर्ट डोळे झाकून शिवून घ्या. कोट आधी रेडिमेड बघा. कॉलेज रोडच्या दोन-तीन शोरूममध्ये जा, पण जोडीचा सूट मागू नका, कोट आणि पँट सुटे देता का ते विचारा. खांदा बसून पोटावर बटण आरामात लागलं तर तो कोट घ्या आणि त्याला शोभणारी पँट वेगळ्या रंगाची शिवा. निळ्या कोटावर करडी पँट ग्राहकांच्या मीटिंगला उत्तम जाते. खांदा बसला आणि पोट अडलं, किंवा उलट झालं, तर नाद सोडा आणि मेन रोडला कापड बघायला जा. तोवर निदान आपल्याला काय बसत नाही हे कळलेलं असेल. ब्रँडचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. एकाच ब्रँडचे दोन कट दोन वेगळ्या माणसांसाठी असतात, आणि हप्त्यावर घेतला म्हणून खांदा लहान होत नाही.

वडिलांचा सल्लाही मोडीत काढू नका, पण त्यांच्या शिंप्याला दोन प्रश्न विचारा. पहिला, कोट तुम्ही स्वतः शिवता की बाहेर देता? शर्ट-पँटचा हात वेगळा आणि कोटाचा वेगळा. बरेच टेलर कोट कारागिराकडे धाडतात. त्यात वाईट काही नाही, फक्त माप घेणारा आणि शिवणारा एकमेकांशी बोलतात ना, एवढं बघा. दुसरा, कच्ची ट्रायल देणार का? म्हणजे पांढऱ्या धाग्याने कच्चे टाके घातलेला, बाही नुसती टाचलेला कोट अंगावर घालून बघायचा. "गरज नाही साहेब, सरळ तयारच घेऊन जा," असं उत्तर आलं तर नम्रपणे चहा पिऊन उठा. पोट असलेल्या माणसाचा कोट कच्च्या ट्रायलशिवाय शिवणं म्हणजे जुगार. दोन ट्रायल ठरवा, दोन्हींना तोच शर्ट, तोच बेल्ट आणि तेच बूट घालून जा. वेळेचं म्हणाल तर किमान सहा आठवडे हाताशी ठेवा. लग्नसराईतला शिंप्याचा "परवा" कुठल्याही पंचांगात सापडत नाही. लग्नाची तारीख आठ दिवस अलीकडची सांगितलीत तर ते पाप मी माझ्या नावावर घेतो.

आता आहेरातला सूटपीस. आधी उलगडून मोजा. तुमच्या अंगाला कोट-पँट मिळून सव्वातीन मीटर लागेल, आणि पीस तीनचा असेल तर शिंप्याशी बोलूनच कापायला द्या. मग कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि काडी लावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. आहेरातले पीस बहुतेक दुसऱ्या जातीचे निघतात. मालेगावचे माग आपल्याच जिल्ह्यात असले तरी हे सूटिंगचं कापड प्रामुख्याने राजस्थानातल्या भिलवाड्याहून येतं, पॉलिएस्टर-विस्कोजचं. टिकायला चिवट, पँटला झकास, पण बंद कोटात घाम आणतं आणि लॉनच्या झगमगाटात चमकतं. त्याच्या पँटी शिवा. कोटासाठी लोकर किंवा लोकरीचं चांगलं मिश्रण घ्या, वजन चौरस मीटरला 250 ग्रॅमच्या आसपास. आपल्याकडे निफाडची थंडी कितीही गाजली तरी मीटिंगा एप्रिलमध्येही असतातच. किनारीवर सुवर्ण अक्षरांत "सुपर 120" छापलेलं दिसलं तर भुलू नका. तो आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे ते सांगतो. सुपर 100 म्हणजे तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉनचा, सुपर 120 म्हणजे 17.75 चा. बारीक तंतू मऊ असतो, पण तो लवकर झिजतोही. रोज बाइकवर बसणाऱ्याला 100 पुष्कळ झाला. आणि पॉलिएस्टरवर हा शिक्का असेल तर तो नुसताच शिक्का. रंग गडद निळा किंवा कोळशासारखा करडा घ्या, साधा, बिनरेघांचा. तोच रिसेप्शनलाही चालेल आणि परदेशी ग्राहकासमोरही. काळा नको, दिवसाउजेडी तो वेटरचा वाटतो.

कोटाच्या पोटातलं बुकरम, म्हणजे आकार धरून ठेवणारं आतलं कडक कापड, तेही विचारून घ्या. स्वस्त कोटात ते गोंदाने इस्त्री करून चिकटवलेलं असतं. काही ड्रायक्लीननंतर छातीवर फुगे आलेले कोट तुम्ही पाहिले असतील, ते गोंद सुटल्यामुळे येतात. छातीपुरतं तरी टाक्याने बसवलेलं कॅनव्हास परवडत असेल तर तिथे चार पैसे जास्त घाला. नसेल परवडत तर चिकटवलेलाच घ्या, फक्त सारखा सारखा ड्रायक्लीनला टाकू नका. ब्रश मारून रुंद हँगरवर टांगला तर मोसमाला एकदा पुरे.

पँट पोटाखाली बांधता का? मग शर्टाच्या शेवटच्या बटणाखाली त्रिकोण उघडा पडत असणार. पँट बेंबीच्या जवळ येईल इतकी उंच शिवा, पुढे एकेक प्लेट घाला. पोट लपत नाही, पण दुभागलं जायचं थांबतं. तिथे ती राहत नसेल तर गॅलिस, म्हणजे खांद्यावरून जाणारे पट्टे, लावा, कोटाखाली कुणाला दिसतायत.

शर्टांसाठी नव्या शिंप्याची परीक्षा त्याच आहेराच्या शर्टपीसवर घ्या. सगळे एकदम टाकू नका. एकच शिवा, दोनदा धुवा, एक अख्खी शिफ्ट अंगावर ठेवा. सुती कापड असेल तर शिवायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात गळा आवळतो. कॉलरचं बटण लावून आत एक बोट सहज, दोन दाटीने जायला हवीत. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर हवी. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, म्हणजे कोटातून अर्धा इंच कफ बाहेर डोकावतो. तो अर्धा इंच नसला की कोट मागून आणल्यासारखा दिसतो, तुमच्या सौभाग्यवतींना नेमकं तेच खटकलं असेल. खालची लांबी अशी की दोन्ही हात वर केले तरी शर्ट पँटबाहेर येणार नाही. पोटाचं माप बसलेल्या स्थितीत घ्यायला सांगा, ते उभ्यापेक्षा जास्त भरतं, आणि ग्राहकासमोर तुम्ही बसणारच आहात. एवढं जमलं की मापाच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो काढून ठेवा आणि बाकीचे टाका. दोन पांढरे, एक फिका निळा, एक कसाही. कोटाखाली हाफ शर्ट नको. आपल्या कंपन्यांत सर्रास चालतो, तरीही नको.

पैशांचं. निम्म्याहून थोडे जास्त कोट-पँटला, चौथाई शर्टांना, आणि उरलेले बूट-बेल्टला राखून ठेवा. तुमच्या पत्रात बुटांचा उल्लेखच नाही. अंबडचे सेफ्टी शूज पॉलिश करून वेळ निभावेल असा विचार असेल तर आत्ताच सोडा.

आणि कोट घरी आला की कात्री घेऊन बसा. मागच्या कटावर पांढऱ्या धाग्याची एक फुली असते, ती दुकानापुरती. बाहीवर कापडाचं लेबल शिवलेलं असेल तर तेही तसंच. दोन्ही काढायचं असतं हे कुणी सांगतच नाही. मागच्या मोसमात एका रिसेप्शनला आहेराचं पाकीट देता देता मी नवरदेवाच्या पाठीमागची ती फुली खिशातल्या नेलकटरने कापली आहे, फोटोग्राफर फ्लॅश बदलत होता तेवढ्या वेळात.